जुना थरारपट पुन्हा पाहताना नेमकं काय बदलतं?

गेली तीसेक वर्षं एक प्रसंग मी लोकांना रंगवून सांगत आले आहे. 'द थर्ड मॅन' या १९४९ सालच्या ब्रिटिश चित्रपटातला. महायुद्धानंतरचं पडझड झालेलं व्हिएन्ना, तिथल्या प्राटर बागेतला अवाढव्य आकाशपाळणा आणि त्याच्या बंद डब्यात उभे असलेले दोन जुने मित्र. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसताहेत. हॅरी लाइम झालेला ऑर्सन वेल्स त्या उंचीवरून मित्राला ते प्रसिद्ध भाषण ऐकवतो: इटलीत तीस वर्षं रक्तपात चालला, त्यातून मायकेलअँजेलो आणि लिओनार्दो निघाले. स्वित्झर्लंडमध्ये पाचशे वर्षं शांतता नांदली, त्यातून निघालं कुक्कू घड्याळ.

परवा मुलीला हौसेने तो चित्रपट दाखवायला बसवलं. पाळणा वर गेला, खाली आला, दार उघडून दोघं बाहेरही पडले. "आई, ते घड्याळाचं भाषण कुठंय?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात ते सुरू झालं. जमिनीवर, निरोप घेता घेता, पाळण्याच्या पायथ्याशी. वर डब्यात होतं ते बोलणं याहून भयंकर आहे. हॅरी खालच्या माणसांकडे बोट दाखवून विचारतो की त्या ठिपक्यांपैकी एखादा हलायचा कायमचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, आणि एका ठिपक्यामागे वीस हजार पौंड मिळत असतील तर?

माझ्या स्मरणाने ठिपक्यांची उंची आणि घड्याळाचं भाषण एकत्र शिवून टाकलं होतं, आणि मला कधी शंकाही आली नव्हती. तेव्हापासून जुने ब्रिटिश रहस्यपट आणि टीव्हीवरच्या हेरमालिका एकेक करून पुन्हा बघते आहे. बदललं काय, पडद्यावरची वस्तू, माझी आठवण, की मी? तिन्ही बदललेलं असतं, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि ती कारणं कळली की बघण्याची गोडी दुप्पट होते. पुढे काही कथांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी चित्रपट बघून यावं, लेख कुठे पळत नाही.

पडद्यावर येते ती वस्तूच वेगळी

आधी यंत्राचं बोलू. ते समजायला सोपं आहे आणि बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

चित्रपटगृहात फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने धावते. ब्रिटनमधला, आणि आपल्या दूरदर्शनचाही, टीव्ही मात्र सेकंदाला २५ चित्रांचा होता, कारण दोन्ही देशांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आणि टीव्हीची रचना त्याच हिशेबाने झालेली. मग २४ चित्रांची फिल्म २५ च्या टीव्हीवर दाखवायची कशी? सोपा मार्ग निघाला: फिल्म जराशी जोरात पळवायची. वेग चार टक्क्यांनी वाढतो. १०४ मिनिटांचा 'द थर्ड मॅन' १०० मिनिटांत संपतो. माणसं किंचित चपळ चालतात, पण डोळ्यांना ते जाणवत नाही.

कानाला मात्र जाणवायला हवं. आवाजही त्याच प्रमाणात चढतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या साधारण सत्तर टक्के इतका. आता या चित्रपटाचं संगीत म्हणजे एकच वाद्य. अँटन कारास नावाच्या व्हिएन्नातल्या वादकाने वाजवलेली झिदर, मांडीवर किंवा टेबलावर ठेवून छेडायचं तंतुवाद्य. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, वाचनालयातून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. ती कॅसेट २५ चित्रांच्या पद्धतीची. म्हणजे माझ्या कानात वर्षानुवर्षं बसलेली झिदर चढ्या सुरातली होती. आता दुरुस्त करून काढलेली नवी डिजिटल प्रत मूळ २४ च्या वेगाने चालते. ती लावली तेव्हा सूर उतरलेला वाटला, चाल जड वाटली. प्रतीत काहीतरी दोष आहे असं मी ठामपणे म्हणाले. प्रत बरोबर होती, माझाच कान चार टक्क्यांनी चुकीचा लागला होता.

याच चित्रपटाची आणखी एक गंमत. सुरुवातीला व्हिएन्नाची ओळख करून देणारा आवाज ब्रिटिश प्रतीत दिग्दर्शक कॅरॉल रीडचा स्वतःचा आहे. अमेरिकेत निर्मात्याने अकराएक मिनिटं कापली आणि तिथे तो आवाज नायकाचं काम करणाऱ्या जोसेफ कॉटनचा घातला. त्यामुळे "सुरुवातीला कोण बोलतं" यावर दोन म्हातारे सिनेमावेडे भांडत असतील, तर दोघंही खरे असू शकतात.

चौकटीचंही तसंच. 'द इप्क्रेस फाइल' हा १९६५ चा हेरपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाला: उंचीच्या जवळजवळ दोन पूर्णांक पस्तीस पट रुंद. जुना टीव्ही जवळपास चौकोनी. तो चित्रपट टीव्हीची पूर्ण उंची भरेल असा बसवला की रुंदीतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग बाहेर जातो. आणि हा चित्रपट कसा चित्रित केलाय? दिग्दर्शक सिडनी फ्युरीने कॅमेरा कुठे दिव्याच्या शेडमागे ठेवलाय, कुठे कुणाच्या खांद्याआड, कुठे टेलिफोन बूथच्या काचेपलीकडे. अर्धा पडदा एखाद्या बिनमहत्त्वाच्या वस्तूने अडवलेला आणि माणूस कोपऱ्यात. आपण चोरून बघतो आहोत असं वाटावं म्हणून केलेली ही रचना. अडथळा आणि माणूस यांच्यातला तो ताण टीव्हीच्या प्रतीत कापला जातो आणि उरतो नुसता नायक झालेल्या मायकेल केनचा चष्मा. ज्यांनी हा चित्रपट फक्त जुन्या टीव्हीवर पाहिला, त्यांनी तो पाहिलाच नाही असं मी म्हणेन. उलट आजकाल जुन्या चौकोनी मालिका रुंद टीव्हीवर भरवण्यासाठी वरून-खालून छाटतात, तिथे उंचीतला चौथा हिस्सा जातो. कपाळ गेलेली माणसं दिसू लागली की समजावं.

ब्रिटिश मालिकांबद्दल अजून एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. बीबीसीच्या जुन्या मालिकेत पात्र घरातून रस्त्यावर येतं आणि अचानक सगळं चित्रच वेगळं दिसू लागतं, हे कित्येकांना खटकलं असेल. घरातली दृश्यं स्टुडिओत, इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने. बाहेरची १६ मिलिमीटर फिल्मवर. फिल्म सेकंदाला २५ अख्खी चित्रं घेते. इलेक्ट्रॉनिक कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघतो, पण दर खेपेला चित्राच्या अर्ध्याच ओळी टिपतो, एकदा सम, एकदा विषम. त्यामुळे स्टुडिओतली हालचाल अगदी गुळगुळीत, समोर नाटक चाललंय तशी. आणि फिल्मवरची किंचित थरथरती, स्वप्नासारखी. ब्रिटिश प्रेक्षकाला हा फरक इतका अंगवळणी पडला होता की 'माँटी पायथन' या विनोदी कार्यक्रमाच्या मंडळींनी त्यावर विनोदच केला: खोलीतली माणसं बाहेर डोकावतात, तर बाहेर सगळीकडे फिल्म! ती घाबरून परत आत येतात.

हे आज का सांगायचं? कारण नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय कारखान्यातूनच चालू करून येते. दोन चित्रांच्या मधली चित्रं टीव्ही स्वतः रचून घालतो. फिल्मवर घेतलेला अंधारा, दाणेदार हेरपट मग दुपारच्या कौटुंबिक मालिकेसारखा दिसतो. आणि स्टुडिओतल्या मालिकांचं इंटरनेटवर नेमकं उलटं होतं. ५० पैकी निम्मे क्षण टाकून २५ केले जातात आणि मूळचा जिवंतपणा जातो. टीव्हीतली ती सोय बंद करा, एवढं एक कराच. सेटिंग्जमध्ये शोधायला दोन मिनिटं लागतात.

काही गोष्टी तर पुन्हा बघताच येत नाहीत. 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' ही सहा भागांची मालिका १९५३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपित झाली. नट रोजच्या नाटकासारखं काम करत होते आणि देश बघत होता. पहिले दोन भाग पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून टिपले गेले, उरलेले चार नाही. ते त्या संध्याकाळी हवेत गेले ते गेलेच. पुढे व्हिडिओटेप आली, पण ती महाग आणि पुसून परत वापरता येणारी. शिवाय नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा दाखवता येईल यावर बंधनं. मग टेप पुसायच्या, पुन्हा वापरायच्या. 'द ॲव्हेंजर्स' या ब्रिटिश हेरमालिकेच्या १९६१ च्या पहिल्या मालेतल्या २६ भागांपैकी पूर्ण असे तीनच हाती आहेत. पुसणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. कार्यक्रम पुन्हा बघायचा असतो ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. आज आपण बटण दाबून जे करतो ते त्या प्रेक्षकाला अशक्य होतं, आणि मालिका लिहिणारेही हे धरूनच लिहीत.

आठवण स्वतःची प्रत काढते

आता माझ्या आकाशपाळण्याकडे येऊ. ती चूक माझी एकटीची नव्हे आणि वयाचीही नव्हे.

फ्रेडरिक बार्टलेट हे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९३२ साली स्मरणावर एक पुस्तक लिहिलं, त्यातला एक प्रयोग आजही शिकवतात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी केंब्रिजमधल्या लोकांना वाचायला दिली. कथेत भुतांची लढाई आहे, एक तरुण जखमी होऊनही त्याला वेदना होत नाहीत, शेवटी त्याच्या तोंडातून काळं काहीतरी बाहेर येतं आणि तो मरतो. इंग्रज वाचकाला यातलं बरंचसं अनोळखी. बार्टलेटनी ती कथा त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतली: काही वेळाने, काही दिवसांनी, काहींकडून तर वर्षांनंतर. दर वेळी कथा आखूड होत गेली आणि ओळखीची होत गेली. लांबट कनूची साधी होडी झाली. सील मारायला गेलेले लोक मासे पकडायला गेले. जिथे कार्यकारण दिसत नव्हतं तिथे लोकांनी ते आपल्या पदरचं घातलं. आणि कुणी खोटं बोलत नव्हतं.

बार्टलेटांचं म्हणणं असं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली टेप नव्हे. आठवताना मन ती गोष्ट नव्याने बांधतं आणि बांधताना आधीच तयार असलेल्या साच्याचा आधार घेतं. माझ्या मनातला साचा काय असणार? गर्विष्ठ माणूस उंचावरून बोलतो, हा. हॅरीचं सगळ्यांत गर्विष्ठ वाक्य मग आपसूक सगळ्यांत उंच जागी जाऊन बसलं.

तेच दुसऱ्या एका बाबतीत. 'द थर्ड मॅन' म्हटलं की ऑर्सन वेल्स, असंच सगळ्यांना आठवतं. प्रत्यक्षात तो येतो तासाभराने. तोवर आपण त्याच्याबद्दल फक्त ऐकत असतो. मग रात्रीचा ओला रस्ता, दारातल्या अंधारात एका माणसाचे बूट, त्या बुटांशी अंग घासणारं मांजर, वरच्या खिडकीतला दिवा लागतो आणि तो चेहरा उजळतो. त्यानंतरही तो थोडाच वेळ पडद्यावर आहे. पण पहिला तासभर आपण त्याची वाट बघण्यात घालवलेला असतो, आणि आठवण ती वाटही त्याच्याच खात्यावर जमा करते. पुन्हा बघताना म्हणूनच पहिला तास मला नवा वाटला. त्या तासात खरा नायक दिसतो तो म्हणजे हॅरीचा तो मित्र, गोंधळलेला होली मार्टिन्स, भाषा न येणाऱ्या शहरात लोकांच्या तोंडाकडे बघत फिरणारा. त्याच्याभोवती लोक जर्मन बोलतात आणि चित्रपट त्याचं भाषांतर देत नाही. मुद्दामच. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळावं म्हणून.

शेवट माहीत असताना धडधड का होते?

इथे एक खरा पेच आहे. थरार म्हणजे पुढे काय होईल हे माहीत नसणं, असं आपण धरून चालतो. तसं असेल तर दुसऱ्यांदा बघताना थरार शून्य व्हायला हवा. होत नाही.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने आश्चर्य आणि उत्कंठा यांतला फरक सांगताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर येतो. म्हणजे उत्कंठेला अज्ञान लागतच नाही. लागतं ते ज्ञान, आणि ते वापरता न येण्याची तगमग. त्याच्याच १९३६ च्या 'सॅबोटाज'मध्ये एक लहान मुलगा फिल्मच्या डब्यांबरोबर एक पुडकं घेऊन लंडनभर रेंगाळतो, पुडक्यात बॉम्ब आहे हे त्याला माहीत नाही. आपल्याला आहे. तो मुलगा बसमध्ये मरतो. हे करायला नको होतं, असं पुढे हिचकॉकने स्वतःच म्हटलं. मला विचाराल तर पुन्हा बघताना ते पहिल्या वेळेपेक्षा जास्त सोसवत नाही, कारण आता तो रस्त्यात थांबून गंमत बघत असतो तेव्हाच पोटात कालवतं.

रिचर्ड गेरिग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हे प्रयोगाने तपासलं. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याने अध्यक्ष व्हायला नकार द्यावा अशी कारणं रंगवणारा मजकूर आधी वाचायला दिला, की "वॉशिंग्टन अध्यक्ष झाला, खरं की खोटं?" याचं उत्तर द्यायला लोकांना क्षणभर जास्त वेळ लागायचा. माहिती डोक्यात होती, पण गोष्टीत शिरलेलं मन ती वापरत नव्हतं. कीर्तनात बुवा सीताहरणाशी आले की मांडवातली म्हातारी "नको गं बाई, रेषा ओलांडू नकोस" म्हणून पुटपुटते, तेव्हा तिला रामायण माहीत नसतं असं थोडंच आहे.

धडधड टिकते हे झालं. पण पुन्हा बघताना एक नवी गोष्ट हाती लागते, आणि माझ्यासाठी खरा ऐवज तोच. पहिल्यांदा आपण "कोण?" शोधत असतो. दुसऱ्यांदा "कसं?" दिसतं. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे बीबीसीने १९७९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाखवलेली 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका.

पहिल्याच भागाच्या सुरुवातीला एक बंद खोली, टेबल, रिकाम्या खुर्च्या. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे चार वरिष्ठ एकेक करून आत येतात आणि बसतात. कुणी बोलत नाही. शेवटी येणारा बिल हेडन चहाचा कप घेऊन येतो, आणि बशी कपाखाली नाही, कपावर झाकणासारखी ठेवलेली. पहिल्यांदा बघताना मला कळलंच नव्हतं की हे आपण काय बघतोय. या चौघांत एक रशियाचा माणूस आहे आणि त्याला शोधायचं काम निवृत्त केलेल्या जॉर्ज स्मायलीकडे येतं, हे नंतर समजतं. दुसऱ्यांदा बघताना त्या एका शांत मिनिटात सगळी मालिका दिसते. फितूर हेडनच आहे. चौघांत तोच एक सहज वावरणारा, कुणाला न जुमानणारा. बशी कपावर ठेवणारा माणूस नियम आपल्यासाठी नाहीत असं मानणारा असतो, असा काही पुरावा होत नाही. पण हेडन झालेल्या इयन रिचर्डसनने तो कप ज्या ऐटीत आणलाय त्यात माणूस उघडा पडलाय. तो आपल्यासमोर ठेवून दिग्दर्शक जॉन अर्विन निघून जातो.

पण खरी कारागिरी पुढे आहे. मालिकाभर जो भेटेल तो स्मायलीला त्याच्या बायकोबद्दल विचारतो. ॲन कशी आहे? ॲनला आमचा नमस्कार सांग. ॲन त्याला सोडून जाते, तिची प्रकरणं सगळ्या लंडनला ठाऊक, आणि विचारणारा प्रत्येक जण थोडा सुखावतो. पहिल्यांदा बघताना वाटतं, हा बिचाऱ्या माणसाचा व्यक्तिगत सल आहे, कथेला थोडी ओल यावी म्हणून घातलेला. शेवटी उलगडतं की ॲनशी संबंध ठेव असं हेडनला मॉस्कोहून कार्लाने, म्हणजे रशियन हेरखात्यातल्या त्याच्या सूत्रधाराने, सांगितलं होतं. हेतू एवढाच की स्मायलीने कधी हेडनवर संशय घेतलाच तर लोकांना तो जळफळाट वाटावा, आणि खुद्द स्मायलीलाही तसंच वाटावं. म्हणजे ते "ॲन कशी आहे?" हे प्रश्न म्हणजेच सापळा होते. पुन्हा बघताना तो प्रश्न आला की अंगावर शहारा येतो. सातही भागांत तो आपल्या कानावर पडत होता आणि आपण दया दाखवत बसलो होतो.

हे कार्लाला सुचलं कुठून? उत्तर मालिकेच्या मधोमध आहे आणि ते आपल्या दिल्लीत घडतं. तरुण स्मायली दिल्लीच्या तुरुंगात एका रशियन कैद्याला फितवायला जातो. उकाडा, घाम, आणि समोर एक शब्द न बोलणारा माणूस, म्हणजे हाच कार्ला. ते काम पॅट्रिक स्टुअर्टने केलंय आणि संपूर्ण मालिकेत त्याच्या तोंडी एकही संवाद नाही. बोलतो तो स्मायलीच. पत्नीची आठवण येत नाही का, असं त्याला विचारता विचारता तो स्वतःच्याच पत्नीबद्दल बोलत सुटतो आणि तिने दिलेला लायटर कैद्यापुढे ठेवतो. कैदी लायटर घेऊन जातो. पहिल्यांदा हा प्रसंग मला लांबलेला वाटला होता. दुसऱ्यांदा समजलं: इथे स्मायलीने आपली दुखरी नस शत्रूच्या हातात दिली, आणि शत्रूने ती वीस वर्षं जपून वापरली. ॲन स्वतः मात्र शेवटच्या भागात पहिल्यांदा दिसते. सहा भाग तिची चर्चा, आणि मग सियान फिलिप्सचा तो चेहरा.

या मालिकेला काळानेही लगेच नवा अर्थ दिला. शेवटचा भाग दाखवून महिनाही झाला नव्हता, तेव्हा १५ नोव्हेंबर १९७९ रोजी पंतप्रधान थॅचर यांनी संसदेत जाहीर केलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी प्रमुख अँथनी ब्लंट हे रशियाचे हेर होते. कलासक्त, कुलीन, सगळ्यांच्या विश्वासातला माणूस. त्यानंतर ज्याने हेडनकडे परत पाहिलं असेल त्याला तो कल्पित वाटला नसेल.

शेवट आधी कळल्याने गोष्ट बिघडते का, यावर २०११ मध्ये सॅन दिएगोच्या दोन संशोधकांनी बारा लघुकथा घेऊन अभ्यास केला. शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत उलटंही निघालं, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. मला वाटतं हे गोष्टीवर अवलंबून असतं. ज्या रहस्यकथेत फक्त कुलूप आहे, ती उघडली की संपली. जिच्यात घर आहे, तिच्यात शिरायला किल्ली हवीच.

आणि बघणारी मी

'एज ऑफ डार्कनेस' ही १९८५ ची बीबीसीची सहा भागांची मालिका. यॉर्कशरमधला पोलीस अधिकारी रोनाल्ड क्रेव्हन, त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी एमा. पहिल्याच भागात पावसात, घराच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत तिला गोळी घातली जाते. सगळ्यांना वाटतं गोळी बापासाठी होती. पुढे उलगडतं की तीच लक्ष्य होती: अणुकचऱ्याच्या एका गुप्त साठ्याचा छडा लावणाऱ्या पर्यावरणवाद्यांच्या गटात ती होती.

ही मी विशीत पाहिली तेव्हा एमाच्या बाजूने पाहिली. धाडसी मुलगी, अंधारे बोगदे, सरकारचं काळं कारस्थान. बाप म्हणजे कथा पुढे नेणारा माणूस, आणि जरा संथच. आता मुलीची आई होऊन पाहिली. पहिल्या भागात क्रेव्हन तिच्या खोलीत जातो. तिच्या वस्तूंना हात लावतो, तिची रेकॉर्ड लावतो, गाणं सुरू होतं. मग तिच्या सामानात पिस्तूल सापडतं. क्रेव्हन झालेला बॉब पेक त्या सगळ्या वेळात जवळजवळ काही बोलत नाही. विशीत हा प्रसंग मला आठवणीत ठेवण्याजोगाही वाटला नव्हता. या वेळी मी मालिका थांबवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. आपल्या पोराची खोली आपल्याला माहीत आहे असं आपण समजत असतो, आणि तिथे आपल्याला न कळलेलं एक अख्खं आयुष्य असतं, हे त्या प्रसंगात आहे. तो तेव्हाही तिथेच होता.

मानसशास्त्रात याला फार अवघड नाव लागत नाही. गोष्टीत आपण कुणाच्या तरी डोळ्यांनी बघतो, आणि कुणाच्या, हे बरंचसं आपल्या वयावर आणि अनुभवावर ठरतं. पडद्यावरचा प्रत्येक चेहरा तिथेच असतो, आपण उभं राहण्याची जागा बदलतो.

मालिकेचा विषयही सरकला आहे. १९८५ मध्ये लोकांना त्यात अणुयुद्धाची भीती दिसली; पुढच्याच एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिनच्या डोक्यात मात्र शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांची कल्पना होती, की पृथ्वी एखाद्या सजीवासारखी स्वतःला सांभाळते. शेवट बर्फात उगवलेल्या काळ्या फुलांवर होतो. ऊन शोषून बर्फ वितळवणारी फुलं. माणूस राहिला नाही तरी पृथ्वी आपली सोय करील, असा तो इशारा. मूळ संहितेत तर क्रेव्हनचं झाड होणार होतं, पण बॉब पेक त्याला तयार झाला नाही. काळी फुलं मला पूर्वी नुसती विचित्र वाटली होती. आता, दर उन्हाळ्यात पारा कुठे जातो ते बघितल्यावर, तोच सगळ्यांत सरळ प्रसंग वाटतो.

'द थर्ड मॅन'मध्येही माझी जागा अशीच सरकली. हॅरी लाइमचा धंदा काय? पेनिसिलीन चोरून त्यात भेसळ करून विकणं. ब्रिटिश लष्करी पोलिसांतला मेजर कॅलोवे होलीला मुलांच्या रुग्णालयात नेतो. तिथे चित्रपट एकही मूल दाखवत नाही. खाटा दिसतात, होलीचा चेहरा दिसतो, आणि एक नर्स एक टेडी बेअर उचलून टाकून देते. तरुणपणी मला हॅरी आवडला होता. तो आवडावा असाच केलाय, नाहीतर चित्रपटात दम नाही. आजारी मुलीच्या उशाशी रात्र काढल्यावर, औषधाच्या बाटलीवरची तारीख दिव्याखाली धरून वाचल्यावर, तो टेडी बेअर माझ्यासाठी आकाशपाळण्यापेक्षा मोठा झाला.

मुलीबरोबर बघत होते त्या रात्री आम्ही शेवटापर्यंत आलो. सुरुवातीला हॅरीचा मृत्यू आणि दफन खोटं होतं; आता त्याला दुसऱ्यांदा आणि खरोखर पुरलं आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीतला सरळ लांब रस्ता, दोन्ही बाजूंना ओकीबोकी झाडं, पानं गळताहेत. दूरवरून हॅरीची प्रेयसी ॲना चालत येते. होली कडेला गाडीला टेकून तिची वाट बघतो. कथा लिहिणाऱ्या ग्रॅहम ग्रीनला शेवट गोड हवा होता, दोघांनी बरोबर जावं असा. रीड ऐकला नाही, आणि त्याचंच बरोबर होतं असं ग्रीनने पुढे लिहून ठेवलं. कॅमेरा हलत नाही. मिनिटभर ती नुसती चालत येते. मुलीने माझा हात धरला. "थांबेल ना?" मी काही बोलले नाही.

ॲना जवळ आली, त्याच्या समोरून गेली, चौकटीबाहेर गेली. होलीने सिगरेट पेटवली आणि काडी फेकून दिली. माझ्या आठवणीत ती जाताना एकदा त्याच्याकडे बघते. बघत नाही.